तमासगीर म्हणजे कोण?

सोलापूरची भवानी पेठ ही भाषांच्या दृष्टीनें मोठी गमतीची वस्ती आहे. येथें मराठी, तेलुगु, कानडी आणि दखनी उर्दू अशा चार बोली एकमेकींच्या अंगणांत ये-जा करीत असतात. विणकरांच्या घरची एखादी मुलगी मैत्रिणीला आपल्या तेलुगूंत सांगते कीं, आज मोठा 'तमाषा' झाला. तिच्या मनांत एवढेंच असतें कीं, कांहीं तरी मौजेचें घडलें. कानडी घरांत 'तमाषे' म्हणजे थट्टाविनोद. पण हाच शब्द भिंत ओलांडून मराठी घरांत शिरला कीं सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते. "आपल्या घरांत तमाशा नको," असें त्या म्हणतात तेव्हां घरची गोष्ट चव्हाट्यावर जाऊं नये, असा त्यांचा आशय असतो.

'तमाशा' शब्दाची ही गत, तर 'तमासगीर' या शब्दाची गत त्याहून चमत्कारिक. जुन्या वळणाच्या एकत्र कुटुंबांत हा शब्द दोन प्रसंगीं हटकून निघतो. धाकट्या पुतण्यानें तोंडाला पावडर फांसून, आजोबांचें उपरणें डोक्याला गुंडाळून माजघरांत सोंग आणलें, कीं काकू म्हणतात, "काय रे, तमासगीर झालास वाटतें!" आणि स्वयंपाकघरांत दोघी जावांची बोलाचाली चालली असतां दाराशीं मुलांचा घोळका जमला, कीं त्याच काकू ओरडतात, "काय तमासगीर जमलेत येथें? व्हा बाहेर, अभ्यासाला बसा!" पहिल्या वाक्यांत तमासगीर म्हणजे खेळ करणारा, दुसऱ्या वाक्यांत खेळ पाहणारा. एकाच तोंडून, एकाच दिवशीं, अगदीं उलट अशा दोन अर्थीं हा शब्द निघतो आणि कोणाच्याही कानाला तो खटकत नाहीं. आम्हांला त्याचा माग काढावासा वाटला तो या दुसऱ्या वाक्यामुळें. कारण शब्दाचा जुना अर्थ तेथें अजून तग धरून आहे.

अरबी भाषेंत चालणें या अर्थाचा एक धातु आहे. त्यापासून बनलेल्या शब्दाचा अर्थ एकमेकांच्या संगतीनें चालणें, असा होतो. फारसींत तो 'तमाशा' झाला. मित्रमंडळींसह मौजेखातर हिंडणें, हिंडतां हिंडतां इकडची तिकडची शोभा पाहणें, आणि शेवटीं नुसतें पाहणें, असा त्याचा अर्थ सरकत गेला. म्हणजे मुळांत तमाशा ही कोणी कोणाला दाखवावयाची वस्तु नव्हती. ज्याची त्यानें ती हिंडून पहावयाची होती. ज्यांना हें विलक्षण वाटेल त्यांनीं मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत, म्हणजे आपल्या गड्ड्यावर, एक संध्याकाळ घालवावी. नंदीध्वजांची मिरवणूक झाली, अक्षतासोहळा आटोपला, कीं पुढें कित्येक दिवस गांवचीं माणसें घरच्या मंडळींना घेऊन तेथें हिंडतात. तीं पाळणे पाहतात, दुकानें पाहतात, आणि खरें सांगावयाचें तर एकमेकांना पाहतात. फारसीनें पहिल्यानें ज्याला तमाशा म्हटलें तो हाच.

त्या भाषेंत 'तमाशा करणें' याचा अर्थ आजही 'पाहणें' असाच आहे. तेहरानांतील एखादी आई मुलाला चित्र दाखवून तमाशा कर म्हणाली, तर ती त्याला शांतपणें पहावयास सांगत असते! इराणांत फुटबॉलच्या सामन्यास जमलेल्या लोकांना 'तमाशागर' म्हणतात. नाटकगृहांतील प्रेक्षकांनाही तोच शब्द. उर्दूंत प्रेक्षक म्हणजे 'तमाशाई'. 'तमाशबीन' हा शब्दही मूळचा त्याच अर्थाचा, पण पुढें तो रंगेल, बाहेरख्याली पुरुषाला लागला. तिकडे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत 'तमाशा' म्हणजे उत्सव, जलसा; मलाया द्वीपकल्पांत 'तेमास्या' म्हणजेही उत्सवच. १८८६ सालीं निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशांत या शब्दाला जागा मिळाली, कारण हिंदुस्थानांतले इंग्रज सर्रास तो वापरीत. इतक्या देशांत हा शब्द हिंडला. पण एका विशिष्ट खेळाचें, आणि त्या खेळावर पोट भरणाऱ्या माणसांचें, तो नांव होऊन बसला तो महाराष्ट्रांतच.

आतां 'गीर' या शेपटाकडे पाहूं. फारसी 'गीर' म्हणजे धरणारा, घेणारा. जहांगीर म्हणजे जग हस्तगत करणारा. दस्तगीर म्हणजे हात धरणारा, अर्थात् आधार देणारा. आपली मुलूखगिरी त्याच घरची, आणि दुःखानें ज्याचें हृदय धरलें गेलें तो दिलगीरही त्याच घरचा. दुसरा प्रत्यय 'गर', म्हणजे करणारा. त्यावरून सौदागर, जादूगर. या दोन सख्ख्या शेजाऱ्यांमधला भेद मराठी कानानें फारसा पाळला नाहीं. मूळचा 'कारीगर' आपल्याकडे 'कारागीर' होऊन गेला, हें त्याचें ठळक उदाहरण. तेव्हां तमासगीर हा तमाशा 'घेणारा' कीं तमाशा 'करणारा', हा प्रश्न मराठींत मोकळाच राहिला. आमचा तर्क असा आहे कीं, जोंवर तमाशा म्हणजे पाहण्याजोगी कोणतीही मौज होती, तोंवर तमासगीर हा प्रेक्षक होता. पुढें ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि कडें यांच्या साथीनें उभ्या राहणाऱ्या एका खेळाचें तें नांव ठरलें, आणि मग कारागिराच्या वळणानें तमासगीर हा तो खेळ करणारा झाला. जागा रिकामी पडली ती पाहणाऱ्याची. रस्त्यावर उभा राहून पाहील तो 'बघ्या', तिकीट काढून पाहील तो 'प्रेक्षक', आणि पुढच्या रांगेंत बसून माना डोलवील तो 'रसिक', अशी तिची वांटणी होऊन गेली. या वांटणींत आपण पाहणारे लोक मोठे नफ्यांत राहिलों, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

जातां जातां शुद्धलेखनाची एक बाब. तमाशा शब्दांत 'श' आणि तमासगीर शब्दांत 'स' हें कसें, असें विद्यार्थी विचारतात. बोलण्यांत 'तमासा' हें रूप जुनें आहे आणि खेड्यापाड्यांतून अजून चालतें. सुट्या शब्दाला लिहिणाऱ्यांनीं फारसी वळणाचा 'श' परत दिला. जोडशब्दांत बोलीचा 'स' तसाच राहिला. पुढें विभक्ति लागली म्हणजे 'गी' ऱ्हस्व होते: तमासगिराला, तमासगिरांचा.

कोणी म्हणेल, शब्दाला वाईट वास लागला तो खेळाच्या गुणामुळेंच. हें म्हणणें पूर्णपणें टाकाऊ नाहीं, पण तें अपुरें आहे. मराठी भाषेनें करमणुकीच्या कोणत्या प्रकाराची लाज राखली आहे? देवीचा गोंधळ आपण श्रद्धेनें घालतों. पण घरांत वस्तु सांपडेनाशा झाल्या म्हणजेही 'काय हा गोंधळ!' असेंच म्हणतों. लबाडी करणारा 'नाटक' करतो, आजारी नसतां निजून राहणारा 'सोंग' करतो. नाथांनीं ज्यांतून अध्यात्म शिकविलें तें भारूडही कंटाळवाण्या लांबणीचें नांव झालें. फार काय, भटाभिक्षुकांनीं आपल्या हातीं ठेवलेलीं पुराणें आणि आख्यानें यांनाही भाषेनें सोडलें नाहीं. 'आतां तुमचें पुराण आवरा,' असें आपल्याच घरांतील सुना आडून बोलतात. मग भेद कोठें आहे? पुराण शब्द बिघडला तरी पुराणिकबुवांच्या पायां पडण्याची रीत बिघडली नाहीं. गोंधळ शब्द बिघडला तरी गोंधळ्याला आपण आदरानें पाटावर बसवितों. तुळजापूर येथून अवघ्या पंधरा कोसांच्या आंत. आपल्यांपैकीं कित्येक देशस्थ घराण्यांची ती कुलस्वामिनी. लग्नकार्य झालें कीं संबळ आणि तुणतुणें घेऊन गोंधळी येतो, रात्रभर गातो, हंसवितो, कथा सांगतो, आणि सकाळीं शिधा-दक्षिणा घेऊन जातो. तेंच तुणतुणें तमासगिराच्या खांद्यावर असतें. आरंभीं गणपतीचें स्तवन तोही करतो. त्याला तो 'गण' म्हणतो. गणामागून गौळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटीं वग, असा त्याचा रात्रीचा क्रम. तुणतुणें तेंच, स्तवन त्याच गणरायाचें. पण एकाला आपण उंबऱ्याच्या आंत घेतलें आणि दुसऱ्याला गांवाबाहेरच्या माळावर ठेवलें. नांव बिघडलें तें खेळाचें म्हणून नव्हे. खेळ करणारा कोण, यावरून बिघडलें, असें आमचें मत आहे. आणि याचा पुरावा शोधण्यास सोलापूरच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं.

पेशवाईच्या उत्तरार्धांत सोलापुरांत एक जोशी घराणें होतें. थोरले बंधु मुद्गल हे नांवाजलेले पुराणिक. धाकटा राम (सुमारें १७६२–१८१२) बुद्धीचा तीव्र, पण घरच्या पोथ्यांपेक्षां त्याचें मन धोंडी नांवाच्या शाहिराच्या फडांत रमे. ब्राह्मणाचा मुलगा रात्रीं तमाशांत बसतो, लावण्या रचून देतो, हें लोकांच्या तोंडीं झालें आणि थोरल्या भावानें त्याला घराबाहेर काढलें, असें परंपरा सांगते. या ठिकाणीं मुद्गलशास्त्र्यांना दोष देणें सोपें आहे. आम्हांस तें तितकेंसें न्याय्य वाटत नाहीं. ज्याच्या घरची चूल लोकांच्या निमंत्रणावर पेटते, त्याला लोकांचें तोंड बंद करतां येत नाहीं; आणि एकत्र कुटुंबांत वडील भाऊ हा स्वतःपुरता बोलत नसतो, तो घरांतल्या उपवर मुलींसाठीं आणि पुढच्या मुंजींसाठींही बोलत असतो. घरांतील कोणाही मुलानें चालीबाहेरचा धंदा पत्करला कीं आजही हीच ओढाताण होते, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

राम तेथून पंढरपुरास गेला आणि पाध्ये यांच्यापाशीं राहून संस्कृतांत व्युत्पन्न झाला. परत आल्यावर तो कीर्तनें करूं लागला खरा, पण लावणीनें त्याला सोडलें नाहीं. एरवीं फडावर जी विद्वत्ता कोणी आणली नसती ती त्यानें आणली. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषांची सरमिसळ करून रचना करावी ती त्यानेंच. आमच्या या चौभाषी गांवांत वाढलेल्या माणसाला तें अवघड काय? दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारांत त्याचा सन्मान झाला. बारामतीस मोरोपंतांची गांठ पडून तो पुन्हा कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या त्यानें कीर्तनांतून घरोघर पोंचविल्या, हीही कथा सर्वश्रुत आहे. चरित्रकारांना ती फार आवडते, कारण तींत वाट चुकलेला मुलगा घरीं परत येतो. आम्हांस मात्र वाटतें कीं, त्याचें नांव आज घेतलें जातें तें आर्यांमुळें कमी आणि लावण्यांमुळेंच अधिक.

आतां शब्दाकडे वळूं. रामजोशास आपण काय म्हणतों? शाहीर. 'शाहीर' हा शब्दही अरबीच. 'शाइर' म्हणजे कवि. १९४७ सालीं बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं त्याच्या चरित्रावर चित्रपट निघाला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या त्यांत भूमिका होत्या आणि संहिता ग. दि. माडगूळकरांची होती. चित्रपटाचें नांव 'लोकशाहीर रामजोशी'. 'तमासगीर रामजोशी' असें नांव ठेवण्याचें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल. वास्तविक भावानें त्याला घराबाहेर काढलें तें तमासगीर झाला म्हणून, कवि झाला म्हणून नव्हे. संगमनेरचा अनंत फंदी ब्राह्मण, तो शाहीर. वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्णी घराण्यांतले श्रीधर कृष्ण (१८६६–१९४५) गांवची वतनदारी सोडून तमाशांत गेले, पवळेसह त्यांनीं फड गाजविला, तें वेड उभा जन्म सुटलें नाहीं. ते शाहीर पठ्ठे बापूराव. बरें, शाहीर ही पदवी ब्राह्मणांपुरतीच राहिली असेंही नाहीं. होनाजी गवळी होता, परशराम शिंपी होता, सगनभाऊ मुसलमान शिकलगार होता. त्यांनाही आपण शाहीरच म्हणतों. ज्याच्या नांवावर रचना आहे तो शाहीर झाला. त्याच्या मागें ढोलकीवर ज्याचीं बोटें फुटलीं, ज्यानें रात्रभर सूर धरला, ज्यानें सोंगाड्या होऊन शिव्या झेलल्या, आणि पायांत पांच पांच शेर चाळ बांधून जी नाचली, तीं सारीं माणसें तमासगीर राहिलीं. हीं माणसें बहुतेक महार, मांग, कोल्हाटी या समाजांतलीं होतीं. शब्दांची ही वांटणी कोणी सभा भरवून केली नाहीं. ती आपोआप झाली. म्हणूनच ती अधिक बोलकी आहे.

नट या शब्दाशीं ताडून पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस पहिला खेळ केला, त्यानंतर कित्येक वर्षें 'नाटकवाला' ही शिवीच होती. नाटकवाल्याला मुलगी द्यावयास कोणी धजत नसे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' आलें, शिकलेले लोक नाटक मंडळ्यांत शिरले, आणि दोन पिढ्यांच्या आंत 'नाटक्या'चा 'नटवर्य' झाला. बालगंधर्वांचें छायाचित्र ज्या दिवाणखान्यांत लागलें त्याच घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं लहानपणीं नाटकाला जाण्याबद्दल मार खाल्ला असेल. तमासगिराला मात्र असें दोन पिढ्यांत वर येतां आलें नाहीं. त्याच्या खेळांत अचकटविचकट होतें, हें खरें. स्वातंत्र्य मिळतांच मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली आणि पुढें अटी घालून ती उठविली, ती याच सबबीवर. पण अश्लीलता हेंच कारण असतें तर जुन्या प्रहसनांनीं नटांचीही वाट अडविली असती.

स्त्रियांच्या बाबतींत तर भाषेनें अधिकच निष्ठुरपणा केला आहे. कलावंत म्हणजे गुणी पुरुष. पण 'कलावंतीण' म्हटलें कीं दृष्टि बदलते. नायक हा कथेचा धनी, 'नायकीण' वेगळीच. 'नाटकशाळा' हें संस्कृताप्रमाणें नाट्यगृहाचें नांव व्हावयाचें, तें पेशवाईंतल्या बोलींत ठेवलेल्या बाईचें नांव झालें. पुल्लिंगी रूप सिंहासनावर आणि स्त्रीलिंगी रूप उकिरड्यावर, अशी ही जोडपीं आमच्या भाषेंत आहेत, आणि तीं आपण सुशिक्षित माणसें अजून बिनदिक्कत वापरतों. हा मजकूर ज्यांच्या घरीं वाचला जाईल तेथील लेकीसुना आज गातात, नाचतात, स्नेहसंमेलनांत लावणीही सादर करतात, आणि सारें घर कौतुकानें टाळ्या वाजवितें. तेंच कौतुक ज्या स्त्रियांनीं तो नाच पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला त्यांच्या वाट्यास कां येऊं नये, हें आम्हांस कळत नाहीं.

आपल्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर दोन नांवें डोळ्यांपुढें येतात. पहिलें विठाबाईंचें. नारायणगांवच्या भाऊ मांग यांच्या फडांतली ही मुलगी १९३५ सालीं पंढरपुरांत जन्मली. विठोबाच्या गांवीं झाली म्हणून नांव विठा. गरोदरपण भरत आलें असतां ती बोर्डावर नाचत होती, मध्येंच आडोशाला जाऊन प्रसूत झाली, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढें उभी राहिली, अशी हकीकत सर्वत्र सांगतात. ही कथा ऐकून लोक विठाबाईंच्या धैर्याची वाखाणणी करतात, आणि तें योग्यच आहे. पण आमच्या मनांत येतें तें दुसरेंच. त्या बाईला त्या स्थितींत उभें राहणें भाग पडलें तें कोणामुळें? सुपारी घेतलेली, समोर हजारों माणसें बसलेलीं. काकूंच्या जुन्या अर्थानें पाहिलें तर त्या रात्रीं तमासगीर बोर्डाखालीं बसले होते. विठाबाईंना १९५७ आणि १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव लाभला. २००२ सालीं त्या निवर्तल्या. आतां महाराष्ट्र सरकार त्यांच्या नांवें तमाशा कलावंतांना पुरस्कार देतें, आणि त्या पुरस्काराच्या नांवांत त्यांना 'तमाशा सम्राज्ञी' म्हटलेलें आहे.

दुसरें नांव डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांचें. करमाळें तालुक्यांतल्या एका खेड्यांत, कोल्हाटी समाजांत, १९७० सालीं त्यांचा जन्म झाला. आई तमाशांत नाचणारी. वडिलांच्या नांवाची जागा ज्याच्या कागदांवर रिकामी, अशा या मुलानें ती जागा आईच्या नांवानें भरली आणि मुंबईस वैद्यकी शिकून तो डॉक्टर झाला. 'कोल्हाट्याचं पोर' हें त्यांचें आत्मचरित्र १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. गांवांतून जातां येतां जो शब्द शिवी म्हणून पाठीवर पडत असे तोच त्यांनीं पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापला. २००७ सालीं अपघातांत ते अकालीं गेले. तमाशा रंगेल आहे कीं हिणकस, हा वाद आपण दिवाणखान्यांत घालतों. त्या शब्दाच्या सावलींत शाळेला जाणें म्हणजे काय, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं हें पुस्तक घरांत ठेवावें. तें मुलांच्या हातीं द्यावें कीं नाहीं, याचा विचार घरच्या वडील मंडळींनीं करावा. थोड्या मोठ्या मुलांनीं तें वाचण्यास आमच्या मतें हरकत नाहीं.

शब्द बिघडला म्हणजे लोक बहुधा दुसरा शब्द आणतात. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि आमच्या बार्शीचे अमर शेख यांनीं 'लाल बावटा कलापथक' काढलें. तमाशाचा सांगाडा घेऊन त्यांनीं त्यांत कामगारांचीं गाऱ्हाणीं भरलीं, आणि 'लोकनाट्य' हें नांव रुळलें. सोलापुरांतच जन्मलेल्या वसंत सबनीसांनीं १९६५ सालीं 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलें तेव्हां आपल्या घरांतील माणसें प्रथमच उघडपणें, मुलाबाळांसह, त्या खेळाला गेलीं. त्यांतून दादा कोंडके पुढें आले, आणि १९७१ च्या सबनीसलिखित चित्रपटाचें नांवच 'सोंगाड्या' ठेवण्याची छाती झाली. अकलूजच्या लावणी स्पर्धांनीं तर बायकांना लावणीच्या समोर आणून बसविलें. सरकारी कागदांत वृद्ध तमासगिराला मानधन मिळतें तें 'कलावंत' म्हणून. हें सारें चांगलेंच झालें. मात्र एक शंका राहते. 'तमाशा सम्राज्ञी' चालतें, 'तमाशा कलावंत' चालतें, 'लोककलावंत' तर फारच चालतें. एकटा, कसलेंही उपरणें न पांघरलेला 'तमासगीर' अजून समारंभाच्या पत्रिकेवर येत नाहीं. शब्दावर उपरणें घालून त्याची अब्रू वाढते कीं झांकली जाते, हें ज्याचें त्यानें ठरवावें. घरांतल्या मुलांना मात्र एवढें सांगावयास हरकत नाहीं कीं, भांडण पहावयास जमणाऱ्याला तमासगीर म्हणणें हें शुद्ध, जुनें आणि सार्थ मराठी आहे. आळशी, बेशिस्त किंवा निर्लज्ज माणसाला तो शब्द लावण्यास भाषेंत कसलाच आधार नाहीं.

पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं यात्रांचा हंगाम जवळ आला म्हणजे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पंच आपल्या यात्रेसाठीं खेळ ठरवावयास तेथें येतात. त्या व्यवहारालाच सुपारी देणें म्हणतात. फलकांवर कलावंतिणींचीं आणि फडमालकांचीं नांवें असतात. विठाबाईंच्या फडाच्या फलकावर तर भाऊ मांग हें नांव जातीसकट ठळक असे. नांवांच्या खालीं 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे नवा आणि जुना दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं लिहिलेले असतात. पंच मंडळी चार राहुट्या फिरून, घासाघीस करून, विसार देऊन गांवीं परततात आणि चावडीवर सांगतात कीं, यंदा अमक्याचा तमाशा ठरला. लोकनाट्य ठरलें, असें अजून तरी आमच्या ऐकण्यांत आलेलें नाहीं.